हुमायूनच्या मकबऱ्याचा घुमट बाहेरून एवढा उंच, मग आतले छत खाली का दिसते?

मुठाकाठ :
नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून दिल्ली आणि आग्र्याला जाऊन आलो. हुमायूनच्या मकबऱ्याच्या बागेतून चालत जाताना पांढरा संगमरवरी घुमट लांबूनच नजरेत भरतो आणि चौथऱ्याच्या पायऱ्या चढून वर आल्यावर तर तो अंगावर आल्यासारखा वाटतो. मधल्या दालनात गेल्यावर मात्र माझा बारा वर्षांचा मुलगा मान मागे टाकून बराच वेळ वर पाहत राहिला आणि म्हणाला, "बाबा, बाहेर दिसला तो घुमट हा नाहीच." त्याचे म्हणणे मला पटले, पण कारण सांगता आले नाही. आमच्या वाटाड्याने बादशहांच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या, बांधणीविषयी मात्र तो काही बोलला नाही.

दुसरा प्रश्न फत्तेपूर सिक्रीचा आहे. तिथल्या महालांत कमानींपेक्षा उभे खांब आणि आडव्या दगडी तुळयाच जास्त दिसल्या. दोन्ही बांधकामे अकबराच्याच काळातली असताना पद्धत एवढी निराळी का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चुनाविटा :
आपल्या मुलाचे निरीक्षण अचूक आहे. तिथे एकावर एक असे दोन घुमट आहेत आणि त्यांच्यामध्ये मोठी पोकळी आहे. बाहेरचा घुमट बागेच्या आणि चौथऱ्याच्या पसाऱ्याला शोभेल एवढा उंच करावा लागतो. पण तेवढीच उंची आत ठेवली, तर दालन विहिरीसारखे खोल आणि अंधारे वाटेल. म्हणून आतले छत दालनाच्या रुंदीला साजेल अशा बेताच्या उंचीवर वळवतात आणि बाहेरचे कवच त्याच्यावर स्वतंत्रपणे उचलतात. तेवढी सगळी उंची दगड-चुन्याने भरून काढली असती, तर त्या वजनाने खालच्या भिंती फाकल्या असत्या.

ही रीत मध्य आशिया आणि इराणकडची. समरकंदला तैमूरच्या मकबऱ्यावर ती दिसते आणि मुघल स्वतःला तैमूरचे वंशज मानत. हुमायून १५५६ मध्ये वारला, त्यानंतर काही वर्षांनी, म्हणजे १५६५ च्या सुमारास, हे काम सुरू झाले. मीरक मिर्झा घियास हा त्याचा स्थपती मूळचा त्याच प्रदेशातला होता. दोन कवचांचा घुमट तो तिकडूनच घेऊन आला.

मुलाला दाखवायचे असेल, तर ओट्यावर एक वाटी पालथी घाला आणि तिच्यावर मोठे पातेले पालथे घाला. वाटीखाली मुंगी ठेवली, तर तिला वाटीचेच छत दिसेल आणि ओट्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला फक्त पातेले दिसेल.

मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामे करतो, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हे सारे चुन्यात उभे आहे. चुना, विटांची सुरखी म्हणजे भुकटी, त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी, असा माल आपल्याकडचे गवंडीही चुन्याच्या घाणीत, म्हणजे गोल चरात फिरणाऱ्या दगडी चाकाखाली, मळून घेत असत. चुन्याची भिंत ओल धरते आणि सोडतेही. सिमेंट ती ओल आत कोंडून ठेवते. हुमायूनच्या मकबऱ्याच्या गच्चीवर विसाव्या शतकात थरावर थर सिमेंट काँक्रीट घातले गेले होते. २०१३ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात तिथून सुमारे दहा लाख किलो काँक्रीट हातांनी फोडून काढावे लागले आणि चुन्याचा कोबा पुन्हा करावा लागला. एवढे ओझे त्या इमारतीने निमूटपणे पेलले, हे वाचले तेव्हा मला गलबलून आले. आजही वाड्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करा असे कोणी म्हणाले, की मी हेच उदाहरण देतो.

लालमाती :
चुनाविटा यांच्या प्रतिसादात एक दुरुस्ती सुचवते. दोन कवचांचा घुमट दिल्लीत मुघलांच्या आधी पोहोचला होता. लोदी उद्यानातला सिकंदर लोदीचा मकबरा सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला आहे आणि त्याच्यावर असा घुमट आहे. हुमायूनच्या मकबऱ्यात नवे होते ते त्याचे भव्य माप, उंच गळा (घुमटाखालची गोल भिंत) आणि बाहेरून चढवलेला संगमरवर.

आता सिक्रीविषयी. अकबराने १५७१ च्या सुमारास तिथे राजधानी वसवायला घेतली. ते नगर ज्या कड्यावर आहे तो कडाच तांबड्या वालुकाश्माचा आहे. हा दगड सरळ फाळतो. त्याच्या लांब तुळया आणि पातळ फरश्या निघतात, त्यामुळे सुताराने लाकूड जोडावे तसा तो जोडता येतो. राजस्थान आणि गुजरातेकडच्या पाथरवटांचा खांब, तोडे (तुळईला खालून आधार देणारे, पुढे काढलेले दगड) आणि तुळई या पद्धतीवर पिढ्यानपिढ्या हात बसलेला होता आणि अकबराने त्यांना त्यांच्या रीतीने काम करू दिले, असे ते महाल पाहताना जाणवते. दिवाण-ए-खासमधला मधला खांब आठवून पाहा. खाली सडपातळ असलेला तो खांब वर जाताना तोड्यांच्या वळ्यांनी फुलत जातो आणि माथ्यावर गोल बैठक पेलतो. तिथून चार कोपऱ्यांकडे चार दगडी पूल जातात. त्यात कमानीची गरजच पडत नाही. त्याच नगरातल्या जामा मशिदीत मात्र कमानी आणि घुमट आहेत, तेव्हा कमान येत नव्हती म्हणून तुळई वापरली असे कोणी समजू नये. महालाला एक रीत आणि मशिदीला दुसरी, अशी ती निवड होती.

मुठाकाठ :
दोघांचेही मनापासून आभार. ताजमहालातही असेच दोन घुमट आहेत का? आणि आपल्या बीबी का मकबऱ्याचे काय?

लालमाती :
ताजमध्ये दोन कवचांमधली पोकळी फारच मोठी आहे. कळसासकट इमारत सुमारे ७३ मीटर उंच आहे आणि आतले छत त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. मुमताजमहल १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला वारली आणि पुढच्या वर्षी आग्र्याला काम सुरू झाले. लोक ताजला संगमरवराची इमारत म्हणतात, पण आतला गाभा विटा-चुन्याचा आहे आणि मकराण्याचा संगमरवर त्याच्यावर चढवलेला आहे.

छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा त्यानंतर तीस वर्षांच्या आत झाला. ताजचा स्थपती म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा अताउल्ला याने तो बांधला. तिथे संगमरवर भिंतीच्या खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला आहे, मधला भाग काळ्या दगडाचा असून त्याच्यावर चुन्याचा पांढरा गिलावा आहे. त्याला नुसती नक्कल म्हणून हिणवले जाते, ते मला पटत नाही. त्या गिलाव्यातली वेलबुट्टी जवळ जाऊन, हाताच्या अंतरावरून पाहावी. दख्खनच्या कारागिरांचा चुन्यावरचा हात तिथे कळतो.

पर्वतीपायथा :
चर्चा उत्तरेकडची आहे, पण एक धागा पुण्यापर्यंत येतो म्हणून लिहितो. पाकळ्यापाकळ्यांची महिरपी कमान आणि तळाशी फुगून वर निमुळता होणारा खांब ही जोडी शाहजहानच्या काळात दरबारी इमारतींत रूढ झाली. दिल्लीच्या लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-आममध्ये अशा कमानींच्या रांगा आहेत. बाळाजी विश्वनाथ १७१९ मध्ये फौजेसह दिल्लीला होते आणि त्यानंतर अकरा वर्षांनी शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. पुण्यात ही जोडी दगडातून सागवानात उतरली आणि आपण त्या खांबाला सुरूचा खांब म्हणू लागलो. शनिवारवाड्यातले लाकूडकाम १८२८ च्या आगीत गेले. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागात मात्र असे खांब आजही पाहता येतात.

मुठाकाठ :
काल ओट्यावर वाटी आणि पातेल्याचा प्रयोग केला. मुलाने खाली वाकून पाहिले आणि विचारले, "पातेले वाटीला टेकतच नाही, मग त्याचे वजन कोण घेते?" मी पुन्हा अडलो.

चुनाविटा :
त्याला सांगा, तुझ्या प्रयोगात वजन ओटा घेतो. मकबऱ्यात ओट्याच्या जागी दालनाच्या जाड भिंती आहेत. त्यांच्या माथ्यावर आधी चौकोनाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचे वर्तुळ करत नेतात, मग त्या वर्तुळावर आतले छत वळवतात. बाहेरच्या बाजूने त्याच भिंतींवर नळकांड्यासारखी गोल भिंत वर चढवतात, तिला घुमटाचा गळा म्हणतात आणि बाहेरचे कवच त्या गळ्यावर बसते. म्हणजे दोन्ही घुमट एकमेकांना न टेकता एकाच भिंतींवर उभे आहेत. बाहेरच्या घुमटाचा फाकण्याचा जोर आधी गळ्यावर आणि मग त्या भिंतींवर येतो, म्हणूनच त्या एवढ्या जाड ठेवल्या आहेत. प्रवासातले फोटो असतील, तर दक्षिणेकडच्या दारातून आत शिरतानाचा फोटो काढून त्याला दाखवा. भिंतीची जाडी तिथे उघड दिसते.