बागेतलं मोठं झाड बोन्सायसाठी काढताना

कुंपणातलं जुनं, जाड बुंध्याचं झाड मालक काढून टाकणार असेल तर ते बोन्सायसाठी उचलावं का, असा प्रश्न पडू शकतो. जरूर उचला! कुंडीत वाढवून तेवढा बुंधा मिळायला कित्येक वर्षं जातात. शिवाय सततच्या छाटणीमुळे अशा झाडांना बऱ्याचदा बुटका, वळणदार बुंधा मिळतो.

मात्र आधी बुंध्यालगतची माती हाताने उकरून बघा. मुळं चारी बाजूंनी पसरत जमिनीत शिरताना दिसली तर कष्ट सार्थकी लागतील. नुसता खांबासारखा सरळ बुंधा असेल तर मी तरी सोडून देईन.

पानझडी झाडं कोंब फुगल्यावर, पण पालवी फुटण्याआधी काढावीत. बुंधा वरून कापला तरी यातली बरीच झाडं खालून फुटतात. पाइन, ज्युनिपर अशा सूचिपर्णी (सुईसारख्या किंवा खवल्यांसारख्या पानांच्या) झाडांचं तसं नाही. हिरवा पाला न ठेवता कापलेली फांदी वाळूनच जाते. त्यांची मूळ मातीही एकदम सगळी धुऊन काढू नका.

जाड मुळं करवतीने कापा, पण बुंध्याजवळची तंतुमुळं जिवापाड जपा आणि लावेपर्यंत ओल्या गोणपाटात ठेवा. खोक्यात लावल्यावर झाड त्या खोक्याला तारेने घट्ट बांधा, कारण ते हललं की नवी कोवळी मुळं तुटतात. आणि पहिली पालवी बघून हुरळून जाऊ नका. ती बुंध्यात साठलेल्या अन्नावरही येते, मुळं धरलेली असतीलच असं नाही. पहिलं वर्षभर तरी आकार देण्याची घाई नको.