मदत हवी आहे : तांब्याचा एकच अणू असेल तर तो स्थायू की द्रव? आठवीच्या मुलांना कसं सांगायचं

भांडुपची_ताई

नमस्कार मंडळी. मी भांडुपला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी आजूबाजूच्या मुलांचा अभ्यास घेते, बहुतेक आठवी-नववीची, मराठी माध्यमाची, फी वगैरे काही नाही. मी कॉमर्सची, त्यामुळे सायन्स आधी मुलांच्याच पुस्तकातून वाचते आणि मग शिकवते. सध्या अणू, मूलद्रव्यं आणि द्रव्याच्या अवस्था चालू आहेत आणि मुलांनी असे प्रश्न विचारलेत की पुस्तकातलंच वाक्य परत वाचून दाखवणं मनाला पटत नाही, त्यांना खरं उत्तर मिळायला हवं, म्हणून इथे विचारतेय.

पहिला प्रश्न एका मुलीचा. तिच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं काम आहे, ती तांब्याच्या तारेचा तुकडा घेऊनच आली, एका टोकाचं वार्निश ब्लेडने खरवडून आतलं चकचकीत तांबं काढलेलं. म्हणाली ताई, ही तार स्थायू आहे आणि ती तांब्याच्या अणूंचीच बनलीय, मग हिच्यातला एकच अणू बाहेर काढला तर तो पण स्थायूच असणार ना? आणि तार वितळली की आतला एकेक अणू पण वितळतो का? त्यावर मागून एक जण म्हणाला, अणू पण असाच तांबूस असणार.

दुसरं म्हणजे पाणी उकळताना येणारे बुडबुडे. अर्धी मुलं म्हणतात आत हवा आहे, बाकीची म्हणतात हायड्रोजन आणि ऑक्सिजन, कारण पाणी म्हणजे एचटूओ हे त्यांचं तोंडपाठ आहे आणि उकळलं की ते सुटं होणार असा त्यांचा सरळ हिशोब आहे. ती वाफच असते हे मला माहितीय पण "वाफ असते" एवढं सांगून कोणी गप्प बसत नाहीये. आणि तिसरं, वायूमध्ये रेणू लांब लांब असतात असं फळ्यावर काढलं की सगळे विचारतात मधल्या जागेत काय, आणि स्वतःच उत्तर देतात, हवा.

व्याख्या नकोयत, त्या पुस्तकात आहेत. हॉलमध्ये करून दाखवता येईल असं काहीतरी सांगा. लॅब नाही, एक टेबल, छोटी गॅसची शेगडी आणि मेडिकलमध्ये किंवा स्टेशनरीच्या दुकानात मिळेल तेवढं सामान.

पहिला_बाक

ताई, माझा मुलगा पण आठवीतच आहे आणि बुडबुड्यांचा प्रश्न आमच्याकडे पण जसाच्या तसा आलाय. धागा वाचतेय, जाणकारांनी लवकर लिहा प्लीज.

रसायनवाला_चेंबूर

ताई, त्या मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे, तिला आधी हे नक्की सांगा. उत्तर असं की एकटा अणू स्थायूही नसतो, द्रवही नसतो आणि वायूही नसतो. अवस्था ही अणूची नसतेच, अणूंच्या घोळक्याची असते. दादर स्टेशनवर एकच माणूस उभा असेल तर त्याला गर्दी म्हणता येत नाही, तसंच हे. तारेत अणू ठरलेल्या जागी धरून ठेवलेले असतात, जागच्या जागी थरथरत असतात पण जागा सोडत नाहीत, म्हणून तार स्थायू. १०८५ अंशांना तांबं वितळतं तेव्हा ते अणू जागा सोडून एकमेकांवरून सरकायला लागतात, बाकी काही बदलत नाही. अणू जसा होता तसाच राहतो, तो मऊ होत नाही, फुगत नाही, वितळत तर नाहीच. "अणू वितळतात" हे वाक्य मुलांच्या वहीत कुठे असेल तर ते "अणूंची जागा सुटते" असं करून घ्या, अर्धं काम तिथेच होईल.

रंगाचं पण तेच. तांब्याचा तांबूस रंग खूप अणू एकत्र आल्यावर त्यांचे इलेक्ट्रॉन सामायिक होतात त्यातून येतो, सुट्या अणूला तो नसतो. याचा झकास पुरावा सोन्याचा आहे. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरले की पाणी पिवळं नाही, लाल दिसतं, मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये असं लाल सोनं करून त्याचा अभ्यास केला होता. आणि एवढ्या बारीक कणांचा द्रवणांक पण उतरतो. सोन्याची लगड १०६४ अंशांना वितळते, पण दोन-तीन नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण त्याच्या काही शे अंश खालीच वितळतो. म्हणजे घोळका लहान होत गेला की "सोन्याचे गुणधर्म" म्हणून आपण जे पाठ करतो तेही बदलत जातात.

किती अणूंचा घोळका ते तारेवरच दाखवा. पट्टीवर १ मिलिमीटर दाखवायचा आणि सांगायचं की एवढ्या लांबीत तांब्याचे अणू एकाला एक चिकटून ओळीने मांडले तर साधारण ३९ लाख बसतात. मुलं पट्टी डोळ्याजवळ नेऊन बघतात, बघू द्या, तो आकडा मग डोक्यात राहतो.

आणि मूलद्रव्यांच्या तक्त्यात स्थायू-द्रव-वायू असे रंग असतात ते खोलीच्या तापमानाचे आहेत हे आवर्जून सांगा, नाहीतर मुलांना वाटतं पारा हा जन्माचाच द्रव आहे. पारा उणे ३९ अंशांच्या आसपास गोठतो. गॅलियम नावाचं मूलद्रव्य आहे, द्रवणांक २९.८ अंश, म्हणजे एसी खोलीतला गॅलियमचा खडा मे महिन्यात आपल्या मुंबईच्या गच्चीवर आणला की तो वितळणार. अणू तेच, मूलद्रव्य तेच, फक्त खोली बदलली.

निवृत्त_मास्तर

रसायनवाले यांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तम सांगितलं आहे, मी बुडबुड्यांवर लिहितो, कारण हा गोंधळ मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत वर्गात पाहिला आहे, अगदी अकरावीला आलेली मुलंसुद्धा तेच सांगतात.

हायड्रोजनवाल्या मुलांना एकच विचारा. पातेल्याखाली गॅसची ज्योत पेटलेली आहे, आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे वर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र बाहेर पडत आहेत. हे मिश्रण ज्योत लागली की स्फोट होऊन पेटतं. मग रोज सकाळी घराघरात चहाचं आधण ठेवल्यावर काय व्हायला हवं होतं? मुलं स्वतःच म्हणतात की मग ते हायड्रोजन नाही. नंतर थंड ताटली, फ्रीजमधली असेल तर अजून चांगलं, वाफेवर चिमट्याने तिरकी धरा. खालून थेंब जमतात, ओघळतात. बुडबुड्यात जे होतं तेच गार होऊन परत पाणी झालं. रेणू तुटला असता तर नुसतं गार करून पाणी परत आलं नसतं.

हवावाल्या मुलांचं मात्र थोडं बरोबर आहे, त्यांना पूर्ण चूक ठरवू नका. पाणी तापायला लागलं की भांड्याच्या तळाला आणि कडांना जे बारीक बारीक बुडबुडे चिकटतात ती पाण्यात विरघळलेली हवाच असते. खळखळून उकळी फुटल्यावरचे मोठे बुडबुडे वेगळे. विरघळलेली हवा थोडीच असते, ती निघून जाते, पण बुडबुडे पाणी संपेपर्यंत येतच राहतात. एवढी हवा आणायची कुठून?

आकडे हवे असतील तर हे फळ्यावर लिहा. १०० अंशांच्या १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २२६० ज्यूल उष्णता लागते. तेच १ ग्रॅम पाणी तोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायला सुमारे १५,९०० ज्यूल, म्हणजे सातपट. उकळताना दिलेली उष्णता रेणूला रेणूपासून लांब न्यायला खर्च होते, रेणू फोडायला नाही, आणि म्हणूनच उकळत्या पाण्यातला थर्मामीटर १०० च्या पुढे सरकत नाही. नुसत्या उष्णतेने पाणी तुटायला लागतं ते २००० अंशांच्या वर गेल्यावर, आणि तेव्हाही थोडंच.

भांडुपची_ताई

मास्तर, रसायनवाले दादा, खूप खूप आभार. ज्योतीचा मुद्दा आजच हॉलमध्ये मांडला, एकदम शांतता आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. ताटलीचं पण केलं. आता मधल्या जागेत काय याचं कोणी सांगा ना, मुलं अजून हवेवरच अडून बसलीत.

सुईविना_सिरिंज

ताई, मेडिकलमधून २० मिलिची प्लॅस्टिकची सिरिंज आणा, सुई न घेता. आत हवा भरून तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा, तो बराच आत जातो आणि सोडला की परत येतो. मग पूर्ण पाणी भरून तसंच करा, हलतसुद्धा नाही. सगळ्यांच्या हातात द्या, बघण्यापेक्षा दाबण्यात जास्त कळतं.

मग विचारा, हवा दबली म्हणजे तिचे रेणू जवळ आले, म्हणजे मध्ये रिकामी जागा होती. ती जर हवेने भरलेली असेल तर त्या हवेच्या रेणूंच्या मध्ये काय? परत हवा म्हणाले की परत हाच प्रश्न. दोन-तीनदा विचारलं की कोणीतरी स्वतःहून म्हणतंच, काहीच नाही. तेच उत्तर आहे, मध्ये काहीही नसतं, निव्वळ पोकळी.

फळ्यावरच्या चित्राचं पण सांगतो, कारण घोटाळा बराचसा तिथेच होतो. आपण स्थायूत गोळे चिकटलेले, द्रवात थोडे सुटे, वायूत अजून थोडे सुटे असं काढतो. खरं तर द्रवातले रेणू पण जवळपास चिकटलेलेच असतात, म्हणून तर पाणी दबत नाही. मोठी उडी वायूला आहे. १ मिलि पाण्याची १०० अंशांना वाफ झाली की जवळपास १७०० मिलि जागा व्यापते. १७०० चं घनमूळ १२ च्या आसपास, म्हणजे रेणू एकमेकांपासून साधारण १२ पट लांब गेले. तर वाफेचं चित्र काढताना एक गोळा काढा, त्याच्यासारखे १२ गोळे मावतील एवढं अंतर सोडा आणि मग दुसरा काढा. अख्ख्या फळ्यावर जेमतेम मूठभर गोळे बसतील, आणि तेच खरं चित्र आहे.

अजून एक, याच सिरिंजमध्ये चहा पिता येईल इतपत गरम पाणी थोडंसं घ्या, आतली हवा काढून टाका, तोंड बंद करून दट्ट्या जोरात मागे ओढा. पाणी उकळायला लागतं! दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो. फक्त हे तुम्ही करा, मुलांच्या हातात गरम पाणी नको.

मिठागराकाठी

वरचं सगळं छान आहे, एक भर घालते. "स्थायूत रेणू सगळ्यात जवळ" हे पाण्यालाच लागू पडत नाही, आणि कोणीतरी हुशार मुलगा बर्फ का तरंगतो हे विचारणारच आहे. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, जाळीत मोकळी जागा राहते, म्हणून पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. नियम बहुतेक पदार्थांचा आहे आणि पाणी त्याला अपवाद आहे, असं उघडच सांगा. शेजारी खोबरेल तेल ठेवा, ते २४-२५ अंशांखाली गोठतं, फ्रीजमध्ये सहज होतं, आणि गोठलेल्या खोबरेलाचा तुकडा पातळ खोबरेलात बुडतो. बर्फ तरंगतो आणि खोबरेल बुडतं, दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

आणि ताई तुम्ही भांडुपच्या, तर मिठागरं जवळच आहेत, ती उदाहरणात आणा ना. उन्हाने पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, ना पाणी तुटलं ना मीठ तुटलं, मिश्रण वेगळं झालं एवढंच. फक्त "मिठाचा रेणू" असं मुलांना शिकवू नका. मिठाच्या खड्यात सोडियम-क्लोरीनच्या जोड्या नसतात, एकेका सोडियम आयनाभोवती (आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू) सहा क्लोराइड, म्हणजे क्लोरीनचे आयन, आणि एकेका क्लोराइडभोवती सहा सोडियम अशी सलग जाळी असते. सूत्र फक्त प्रमाण सांगतं, एकास एक. सोडियम धातू पाण्यात टाकला तर भडकतो, क्लोरीन विषारी वायू आहे, आणि दोघांचं संयुग आपण आमटीत घालतो. मूलद्रव्य आणि संयुग यातला फरक सांगायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

भांडुपची_ताई

सिरिंज आणली, रांग लावून प्रत्येकाने दाबून बघितली. "त्या हवेच्या मध्ये काय" याला तारवाली मुलगीच म्हणाली, काहीच नसणार, आणि लगेच पुढे, मग रेणू खाली का नाही पडत? तिला सांगितलं की ते फार वेगाने सगळीकडे धावत, आपटत असतात. बरोबर आहे ना?

आता शेवटचं. पाणी खरोखर तोडल्यावर काय होतं ते पण दाखवायचंय, म्हणजे उकळणं आणि तोडणं यातला फरक डोळ्यांनी दिसेल. ९ व्होल्टची बॅटरी आणि शिसपेन्सिली घेऊन करतात असं ऐकलंय, पाण्यात मीठ टाकायचं का?

निवृत्त_मास्तर

बरोबर आहे. हवेचे रेणू या तापमानाला सेकंदाला सरासरी ४००-५०० मीटर वेगाने धावतात.

पण मीठ अजिबात टाकू नका. मिठाच्या पाण्यातून करंट गेला की पॉझिटिव्ह टोकाला क्लोरीन सुटतो, बंद हॉलमध्ये तो मुलांच्या नाकात जायला नको. खायचा सोडा टाका, एका ग्लासला एक चमचा पुरे. पेन्सिली दोन्ही टोकांना टोकदार करा, वरच्या टोकांना वायर, खालची टोकं पाण्यात, आणि ती एकमेकांना चिकटणार नाहीत हे बघा. निगेटिव्ह बाजूला हायड्रोजनचे बुडबुडे भराभर येतात, पॉझिटिव्ह बाजूला ऑक्सिजन, तो जवळपास निम्माच. पाणी थंडच राहतं हेही हात लावून बघायला सांगा, म्हणजे हे उकळणं नाही हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि त्या वेळी शेगडी बंद.