काळ्या मातीवर काँक्रीटचा पॅटिओ करायचाय, तडे जाऊ नयेत म्हणून काय करावं?

परसदार:
मंडळी, मागच्या दाराला लागून १२ बाय १६ फुटांचा पॅटिओ करायचाय, उघडाच, वर छप्पर नाही. खाली काळी माती आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात पाय टाकला की चप्पल ओढून घेते. आधी कोबा होता, तो तिसऱ्या पावसाळ्यात मधोमध फुगून चिरला आणि भिंतीकडचा भाग खाली बसल्यामुळे पाणी सरळ दाराशी यायला लागलं. आता गवंडी म्हणतायत या वेळी ४ च्या जागी ६ इंच जाड टाकू, सिमेंट जास्त घालू, काही होणार नाही. मला पटत नाहीये पण त्यांना नेमकं काय सांगायचं तेही कळत नाहीये. ज्यांनी अशा मातीवर केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

खडीवाळू:
सिमेंट वाढवून काही होत नाही हो, उलट जास्त आकसतं आणि तडे वाढतात. दीड-दोन फूट काळी माती काढून टाका, वाळू भरा, वर स्लॅब. सोपं काम आहे.

मुरूममाती:
माती काढा हे बरोबर, पण वाळू अजिबात भरू नका, कळकळीने सांगतोय. काळ्या मातीत खड्डा खणून वाळू भरली की तो खड्डा म्हणजे पाण्याचं टाकं होतं, आजूबाजूची माती पाणी सोडत नाही आणि वाळूत मुरलेलं सगळं पाणी तळाच्या काळ्या मातीला महिनोन् महिने पाजलं जातं. मी स्वतः ही चूक करून बसलोय, दुसऱ्याच वर्षी कडा वर आल्या होत्या. भरायला चांगला मुरूम घ्या, ज्यात थोडी माती असते आणि दाबला की घट्ट बसतो. एकदम दीड फूट ओतून वरून रोलर फिरवला तर खालचा भाग सैलच राहतो, म्हणून ६-६ इंचांचे थर, प्रत्येक थराला थोडं पाणी आणि मग धुमस (भराव ठोकून घट्ट करायचं जड हत्यार). आणि भराव पॅटिओच्या कडेच्या बाहेर निदान दीड-दोन फूट न्या, कारण माती आधी कडेलाच भिजते आणि कडेलाच वाळते.

तुमचा कोबा मधोमध फुगला ना, त्याचं कारण हेच. मध्ये झाकलेली माती ओल धरून राहते आणि कडेची उन्हात वाळून आकसते, मग मधला भाग वर आणि कडा खाली. ६ इंच टाका नाहीतर ८, माती त्याला उचलतेच. भिंतीकडे बसला तो बहुतेक पायाच्या खणलेल्या चरात नीट न दाबलेला भराव असेल, तिथे जास्त लक्ष द्या.

माती किती फुगते ते आधी बघा. वाळलेल्या मातीची बारीक पूड करून चाळा, दोन सारख्या सरळ काचेच्या नळ्यांत मोजून सारखीच घाला, एकीत पाणी आणि दुसरीत केरोसीन, नीट ढवळून २४ तास हलवू नका. केरोसीनमध्ये माती फुगत नाही म्हणून ते आपलं माप. पाण्यातली उंची त्याच्या दीडपटीच्या वर गेली तर माती चांगलीच फुगणारी समजा.

ओलपाणी:
वरच्या दोघांनी काँक्रीटबद्दल काही लिहिलं नाही म्हणून लिहिते. ४ इंच पुरे आहे, एम २० (काँक्रीटच्या ताकदीची एक प्रत) घ्या, हाताने कालवणार असाल तर सिमेंट, वाळू, खडी १ : दीड : ३. खरी गोची पाण्यात होते. ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी धरा आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल पसरायला सोपा जावा म्हणून कामगार हमखास पाईप सोडतात, तिथे उभं राहा, नाही म्हणा. वर पाणी सुटून आलं की ते सुकेपर्यंत रंधा मारू द्यायचा नाही आणि त्यावर कोरडं सिमेंट तर मुळीच भुरभुरायचं नाही, तोच थर पुढे पापुद्र्यासारखा निघतो. माझ्याकडे निघालाय, अजून रोज झाडताना सिमेंटची धूळ येते.

जॉइंट, म्हणजे तडा ठरलेल्या जागीच जावा म्हणून पाडायच्या खाचा, आधीच आखून ठेवा. ४ इंच जाडीला ८ ते १० फुटांच्या आत जॉइंट हवा, म्हणजे तुमचे ६ बाय ८ चे चार चौकोन होतात, छान. खोली जाडीच्या पाव, म्हणजे १ इंच, आणि कटर मारणार असाल तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. उशीर केला तर तडा स्वतःच जागा निवडतो. घराच्या भिंतीलगत अर्धा इंच थर्माकोल उभा ठेवा, पॅटिओ घराला चिकटता कामा नये, दोघांची हालचाल वेगळी असते.

क्युरिंग निदान ७ दिवस, फ्लाय अ‍ॅशचं सिमेंट असेल तर १० आणि कडक उन्हाळा असेल तर १४. गोणपाट टाकून सतत ओलं ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाणी मारणं म्हणजे क्युरिंग नाही, मधे दुपारी ते पूर्ण वाळतं.

परसदार:
खूप खूप आभार दोघांचे. नळ्यांचा प्रयोग केला, केरोसीनमध्ये २० मिमी आणि पाण्यात ३४ मिमी! बघून पोटात गोळाच आला. म्हणजे दीडपटीच्या वरच. आता दोन शंका. काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी टाकावी का, आणि सध्या कडक ऊन आहे, जमीन फुटलीये, तर आत्ताच उरकून घेऊ का पावसाच्या आधी?

मुरूममाती:
आत्ता नको. फुटलेल्या कोरड्या मातीवर टाकलं तर पहिल्या पावसात ती सगळी फुगणार, तेही स्लॅबच्या खाली. पावसाळा संपून जमीन वाफशावर आली, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी झाली, की करा. तोपर्यंत पन्हळीचं पाणी पाईपने लांब काढायचं काम करून घ्या, छपराचं सगळं पाणी पॅटिओच्या कडेला पडत असेल तर खालची मेहनत वाया. आणि मोठं झाड जवळ असेल तर त्या बाजूची माती मुळं शोषून घेतात, तिकडे शक्य तेवढं अंतर ठेवा.

३४ म्हणजे ७० टक्के फुगली, त्यामुळे खरं सांगतो, काळी माती खोलवर असेल तर दीड फूट काढूनही थोडी हालचाल राहील. ती चालत नसेल तर पेव्हर ब्लॉकचा विचार करा, बसले तर उचलून पुन्हा लावता येतात.

ओलपाणी:
जाळीने तडा थांबत नाही, तडा उघडत नाही एवढंच, पण तुमच्या मातीत टाकाच. ती जाडीच्या वरच्या तिसऱ्या भागात हवी, वरून दीड-एक इंचावर, म्हणून आधी काँक्रीटच्या तुकड्यांवर बसवा. "माल टाकताना हाताने ओढून वर घेऊ" म्हणतात पण ती तळातच राहते.

ढाळ विसरू नका, घरापासून बाहेर फुटाला पाव इंच, म्हणजे १२ फुटांत ३ इंच. दोरी बांधून फळ्या त्याच ढाळात लावा, नंतर थापीने ढाळ काढता येत नाही.

परसदार:
ठरलं मग, पाऊस संपल्यावरच. पेव्हरचं घरच्यांना विचारतोय पण मन काँक्रीटवरच आहे. गवंड्यांना काल नळ्या दाखवल्या, दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले मुरूम किती लागेल त्याचं माप काढू.

मुरूममाती:
माप काढताना धुमस मारल्यावर भराव बसतो ते धरा, सैल मुरूम पाव-एक भाग जास्तच लागतो. आणि शेवटचा थर झाला की त्यावर टाच दाबून चालून बघा, जिथे टाच रुतेल तिथे अजून धुमस.