मदत हवी आहे : नवीन ५५ इंची टीव्हीवर चित्र धुरकट दिसतंय, परत करू का?

मीरा_इंदिरानगर (बुधवार, सकाळी ९.१०)
नमस्कार. जरा लवकर सांगा, दुकानदाराने परत घ्यायची मुदत शनिवारपर्यंतच दिली आहे.

मागच्या आठवड्यात बाबांसाठी नवा फोर-के टीव्ही घेतला. दुकानात लावून दाखवला तेव्हा मोराच्या पिसातला धागा न् धागा मोजता येत होता. घरी आणल्यापासून सगळं धुरकट. माणसांचे चेहरे मेण चोपडल्यासारखे, आणि मॅच बघताना कोपऱ्यातल्या स्कोअरमध्ये ३ आहे की ८ हेच कळत नाही. बाबा खुर्ची पुढे ओढून ओढून चार फुटांवर येऊन बसतात. काल म्हणाले, "जुना काय वाईट होता गं?" मला रात्रभर झोप लागली नाही. एवढे पैसे घालून त्यांचा त्रासच वाढवला.

कस्टमर केअरला दोनदा फोन झाला, "सेटिंग बघा" यापलीकडे काही नाही. बसवायला आलेला मुलगा दहा मिनिटांत गेला. पॅनलच खराब आलाय का? बदलून मागू की पैसे परत? कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला भांडण नकोय, टीव्ही नीट दिसायला हवाय.

सातपूरकर
ताई, बघता काय? केबल, डिश की नेट? बॉक्स कोणता, आणि बॉक्समधून टीव्हीत कोणती वायर गेली आहे? हे कळल्याशिवाय पॅनलवर खापर फोडता येणार नाही.

गोदाकाठ_७७
बिल काढून बघा आधी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. जुन्या दराने लावला असेल तर फरक मागून घ्या. ऐकत नसतील तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

मीरा_इंदिरानगर
बिल बरोबर आहे, १८ टक्केच लावलाय. माझा प्रश्न चित्राचा आहे.

@सातपूरकर, केबलच आहे, आधी होती तीच. जुन्या टीव्हीवर याच केबलवर छान दिसायचं म्हणून तर म्हणते की टीव्हीत दोष आहे.

वायरमन_अण्णा
सिडकोत तीस वर्षं हेच काम केलंय. व्होल्टेज तपासा. आपल्याकडे संध्याकाळी वर-खाली होतं, त्याने पडदा मंद होतो. चांगला स्टॅबिलायझर लावा, मग बोलू.

निवृत्त_अभियंता
अण्णा, अनुभवाचा मान ठेवून सांगतो, हे जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळातलं आहे. आताच्या टीव्हीत एसएमपीएस असतो, म्हणजे व्होल्टेजची वर-खाली आतच सांभाळून घेणारा वीजपुरवठा. मागचं लेबल वाचा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. १८० आले काय आणि २३० आले काय, आत ठरलेलाच डीसी जातो. चित्र धुरकट होण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

वायरमन_अण्णा
आणि २९० आले तर? न्यूट्रल तुटला की किती येतात ते तुम्ही पाहिलं नसेल, मी पाहिलंय. एका सोसायटीत एका दुपारी अकरा टीव्ही गेले.

निवृत्त_अभियंता
तो धोका खरा आहे, नाही म्हणत नाही. पण त्याने टीव्ही जळतो, धुरकट होत नाही. ताईंचा प्रश्न वेगळा आहे.

सातपूरकर
मूळ धाग्यावर या दोघेही. मीराताई, जुना टीव्ही किती इंची होता? आणि वायरचं सांगा ना. टीव्हीच्या मागचा फोटो टाकता येईल का?

मीरा_इंदिरानगर (बुधवार, रात्री ८.३५)
ऑफिसातून आत्ता आले. जुना ३२ इंची होता, बारा वर्षांपूर्वीचा. फोटो टाकलाय. लाल-पांढरी-पिवळी अशी तीन तोंडांची वायर आहे, जुन्याच टीव्हीची. बसवणाऱ्या मुलानेच जोडली.

वायरमन_अण्णा
फोटो बघा! पिवळी पिन हिरव्या भोकात घातलीय. चुकीची जोडणी. पिवळी पिवळ्यात गेली पाहिजे, एवढं साधं त्या पोराला कळलं नाही.

सातपूरकर
अण्णा, पिवळं भोक आहेच कुठे त्यावर? बऱ्याच नव्या टीव्हींत एव्ही (ही तीन रंगांची वायर) आणि कंपोनंट (पाच पिनांची दुसरी वायर) मिळून एकच रांग देतात, पिवळी पिन त्यातल्या हिरव्यात घालायची असते. बारीक अक्षरात बाजूला छापलेलं असतं. चुकीच्या भोकात गेली असती तर चित्रच आलं नसतं. जोडणी बरोबर आहे, वायरच चुकीची निवडली आहे.

ताई, तुमचा घोळ इथे आहे. या पिवळ्या वायरीतून एसडी, म्हणजे जुन्या पद्धतीचं कमी ठिपक्यांचं चित्रच येतं, ७२० गुणिले ५७६ ठिपके, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. तुमच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके आहेत, जवळजवळ ८३ लाख. येणाऱ्या प्रत्येक ठिपक्यामागे टीव्हीला वीस ठिपके भरायचे असतात, उरलेले एकोणीस तो अंदाजाने भरतो. वर आलेलं चित्र खरखरीत असलं की ती खरखर पुसायला जातो. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, दाढीचे खुंट, सगळं त्यात पुसलं जातं. तुम्ही मेण म्हणता ते हेच.

मीरा_इंदिरानगर
पण मग ३२ इंचीवर हेच चित्र चांगलं कसं दिसायचं? तेव्हाही हीच वायर होती.

निवृत्त_अभियंता
प्रश्न रास्त आहे. हॉलमध्ये बाबा किती फुटांवर बसायचे?

मीरा_इंदिरानगर
दहा फूट असेल. समोरच्या भिंतीला सोफा आहे.

निवृत्त_अभियंता
मग साधा भागाकार करा. ३२ इंची पडद्याची रुंदी साधारण ७१ सेंटिमीटर. त्यात ७२० ठिपके, म्हणजे एकेक सुमारे १ मिलिमीटरचा. ५५ इंचीची रुंदी १२२ सेंटिमीटर, तेच ७२० ठिपके ताणले की एकेक १.७ मिलिमीटरचा. निरोगी नजरेला दहा फुटांवरून साधारण ०.९ मिलिमीटरपर्यंतचा फरक ओळखू येतो. जुन्या टीव्हीवर दोष नजरेच्या काठावर होता, म्हणून दिसत नव्हता. नव्यावर तोच जवळजवळ दुप्पट झाला. बाबा पुढे सरकतात त्याने तर तो आणखी वाढतो.

द्राक्षबागाईतदार
दिंडोरीहून. आम्ही तीन वर्षांपूर्वी टीव्ही काढूनच टाकला. पोरं अभ्यासाला लागली, म्हातारी माणसं ओट्यावर गप्पा मारू लागली. विचार करून बघा ताई.

मीरा_इंदिरानगर
दादा, तुमच्या घरी जमलं याचा आनंद आहे. आई गेल्यापासून माझ्या बाबांना मॅच आणि संध्याकाळच्या बातम्या एवढाच दिवसभरातला विरंगुळा आहे. तो मी काढून घेणार नाही.

द्राक्षबागाईतदार
माफ करा ताई. मला माहीत नव्हतं.

अनघा_कॉलेजरोड
मीरा, विचारू का? बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन वगैरे झालंय का अलीकडे?

मीरा_इंदिरानगर
हो, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं, सव्वा महिना झाला. त्याचा काय संबंध?

अनघा_कॉलेजरोड
माझ्या आईचं झालं तेव्हा ती म्हणायची, टीव्ही डोळ्यांत घुसतो. डॉक्टरांनी समजावलं की आपलं मूळ भिंग वयाने पिवळट झालेलं असतं. ते काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवलं की निळा आणि पांढरा रंग एकदम उजळ दिसतो. त्यात नवा टीव्ही डब्यातून निघतो तो 'व्हिव्हिड' मोडवर, निळसर आणि झगझगीत. आम्ही पिक्चर मोड 'सिनेमा' केला, कलर टेम्परेचर 'वॉर्म' केलं. दोन दिवस आईला पिवळट वाटलं, मग तिने परत बदलू दिलं नाही. आणि चष्म्याचा नंबर पुन्हा काढून घेतलात का? जुनाच चष्मा लावत असतील तर उजव्या डोळ्याला तो आता उपयोगाचा नाही.

मीरा_इंदिरानगर
जुनाच लावतात. हे मला सुचलंच नव्हतं. सोमवारची वेळ घेते डॉक्टरांची.

सातपूरकर
छान विचारलंत अनघाताई. आता परतीचा निर्णय घेण्याआधी एक गोष्ट आज रात्रीच करा, पैसे लागत नाहीत. टीव्ही वायफायला जोडा, टीव्हीतल्याच यूट्यूबवर फोर-के असं शोधून एखादा निसर्गाचा व्हिडिओ लावा, क्वालिटीमध्ये २१६०पी निवडा. नेट वीस एमबीपीएस तरी हवं. तिथे चित्र स्वच्छ आलं तर पॅनल निर्दोष. तिथेही धुरकट असेल तर सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात जाऊन उभ्या राहा.

मीरा_इंदिरानगर (बुधवार, रात्री १०.५०)
लावलं. एका पानावरून दवाचा थेंब घसरत होता आणि त्या थेंबात उलटं झाड दिसत होतं. बाबा मागून म्हणाले, "हा आपलाच टीव्ही आहे का?"

म्हणजे टीव्ही चांगला आहे. मग सगळे चॅनल असे दिसायला काय करू?

गोदाकाठ_७७
केबलवाल्याला सांगून एचडी (जास्त ठिपक्यांच्या चॅनलचा) पॅक टाकून घ्या, झालं.

मीरा_इंदिरानगर (गुरुवार, दुपारी १.२०)
सकाळी पॅक टाकून घेतला, पैसेही भरले. एचडी चॅनल लावला की फक्त आवाज येतो, पडदा काळा. आता?

सातपूरकर
नुसता पॅक घेऊन काय होणार! जुना बॉक्स एसडीचा आहे, एचडी चॅनल त्याला उलगडतच नाही. बॉक्स बदलून घ्या, आणि बॉक्स ते टीव्ही एचडीएमआय वायरच लावा. तीन रंगांची वायर काढून कपाटात ठेवा, नाहीतर नवीन बॉक्सलाही तीच जोडून जातील. माझ्या मेहुण्याकडे असंच झालं, एचडीचे पैसे भरून आठ महिने तो पिवळ्या पिनेवरच बघत होता.

वायरमन_अण्णा
आणि केबलची वायर गच्चीवरून आली असेल तर मे महिन्यात गडगडाट सुरू झाला की ती मागून काढून ठेवा. वीज प्लगमधूनच येते असं नाही, त्या वायरीतूनही येते. माझ्याच घरचा एचडीएमआय पोर्ट असा गेलाय.

निवृत्त_अभियंता
याच्याशी शंभर टक्के सहमत. हे सगळ्यांनी लिहून ठेवावं.

सिनेमावेडा_पंचवटी
कोणी मोशन स्मूदिंगबद्दल बोललंच नाही! नवीन टीव्ही दोन फ्रेमांच्या मध्ये स्वतःच्या मनाने फ्रेम घुसडतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमांचा असतो, तो या प्रकाराने मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने खास व्हिडिओ करून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं. सोनीत 'मोशनफ्लो', एलजीत 'ट्रूमोशन', सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी' नावाखाली असतं. बंद करा.

निवृत्त_अभियंता
सिनेमासाठी बरोबर. पण क्रिकेटला थोडं चालू असेल तर वेगातला चेंडू फाटल्यासारखा दिसत नाही. सरसकट बंद करा म्हणू नका.

सिनेमावेडा_पंचवटी
क्रिकेटसाठी सिनेमाचा खून करायचा का? मला नाही पटत.

सातपूरकर
त्यांचे बाबा क्रिकेट बघतात, भाऊ.

मीरा_इंदिरानगर (शुक्रवार, रात्री ९.०५)
आज नवा बॉक्स आला. मी घरीच थांबले होते. केबलवाल्या मुलाने खरंच पहिल्यांदा तीच तीन रंगांची वायर मागितली. नाही म्हटलं, एचडीएमआय हातात दिली. तरी थोडं मऊच दिसत होतं. मग बॉक्सच्या मेनूत शिरले तर आउटपुट ५७६ वर होतं. ते १०८०आय, म्हणजे एचडीचं, केलं. पडदा एक सेकंद काळा झाला आणि परत आला तेव्हा बातम्यांच्या पट्टीतला अनुस्वारसुद्धा वेगळा दिसायला लागला. मोड सिनेमा, वॉर्म. नॉइज रिडक्शन (ती खरखर पुसायची सेटिंग) बंद. शार्पनेस खाली आणला. बाबा सोफ्यावरून, दहा फुटांवरून, स्कोअर वाचत होते. मला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवत होते.

टीव्ही परत करत नाहीये.

दोन गोष्टी राहिल्या. बाबांचे दोन आवडते चॅनल एचडीत मिळतच नाहीत, तिथे अजून धुरकट आहे आणि लोक आडवे ताणल्यासारखे दिसतात. आणि आवाज. संवाद पुटपुटल्यासारखा येतो, आवाज वाढवला की जाहिरात अंगावर येते. घरात जुने स्पीकर आहेत, अॅम्प्लिफायरसकट.

सातपूरकर
वा! ताणलेलं चित्र सोपं आहे. त्या चॅनलवर असताना पिक्चर साइझ ४:३ करा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, पण माणसं माणसांसारखी दिसतील. धुरकटपणा थोडा राहील, त्याला इलाज नाही.

अनघा_कॉलेजरोड
आवाजाचं म्हणशील तर टीव्ही इतका पातळ की स्पीकर खाली तोंड करून बसवलेले असतात, आवाज भिंतीवर आपटून येतो. साउंड मोडमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'न्यूज' असं काही असेल तर ते आधी लावून बघ. आमचं निम्मं काम त्यानेच झालं.

निवृत्त_अभियंता
अॅम्प्लिफायरला एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतून अॅम्प्लिफायरकडे नेणारी सोय) आहे का? नसेल तर मागे चौकोनी भोक, वर छोटी झडप, ऑप्टिकल असं लिहिलेलं?

मीरा_इंदिरानगर
एआरसी नाही. झडपेचं भोक आहे. वायर कुठे मिळेल?

वायरमन_अण्णा
एम. जी. रोडला मिळेल, दोन मीटरची पुरेल. घडी घालू नका, आतली काच-प्लास्टिकची दोरी मोडते. लावण्याआधी दोन्ही टोकांची पारदर्शक टोपी काढा. ती दिसत नाही, लोक तशीच दाबतात आणि भोक तुटलं म्हणून माझ्याकडे येतात. मग टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये पीसीएम (जुन्या अॅम्प्लिफायरलाही कळणारा साधा प्रकार) निवडा.