मदत हवी आहे: बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचतेय, पण धीर येत नाही

जय ख्रिस्त मंडळी. आम्ही नाशिकचे, शरणपूर रोडला राहतो. मार्चपासून यांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. भेटायला येणारे म्हणतात, "देवाची इच्छा." खरं सांगू? चहा ठेवता ठेवता ते ऐकून चीडच येते.

देव सार्वभौम आहे हे लहानपणापासून मानते, म्हणून ईयोब काढला, निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या माणसाची गोष्ट. ३८व्या अध्यायात देव बोलतो खरा, पण 'का' याचं उत्तर देतच नाही. उलट, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असं विचारतो. काही रात्री त्यानेच झोप लागते, काही रात्री नाही. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. सध्या तेच जवळचं वाटतं.

अशा दिवसांत तुम्ही काय वाचलंत, प्रार्थना कशी केलीत? उपदेश नको, अनुभव सांगा.