‘पुन्हा’ म्हणजे नेमकं काय पुन्हा? पुनर्बांधणी, जीर्णोद्धार, प्रतिकृती

भाषांतर्या:
बर्लिनला जाणाऱ्या मराठी पर्यटकांसाठी एक छोटी माहितीपुस्तिका लिहितो आहे. त्यातलं एक वाक्य तीन दिवस अडून बसलंय. मी लिहिलं होतं, ‘प्रशियाच्या राजांच्या हरवलेल्या राजवाड्याची पुनर्बांधणी होऊन तिथे आता संग्रहालय आहे.’ मजकूर तपासणाऱ्या बाईंनी ‘पुनर्बांधणी’ खोडून ‘जीर्णोद्धार’ केलं. मी ते खोडलं. खोडताना मात्र माझ्याच शब्दाबद्दल शंका आली.

हकीकत अशी. श्प्रे नदीतल्या बेटावर होहेनत्सोलर्न घराण्याचा वाडा होता. १४४३ मध्ये त्याची सुरुवात झाली आणि १६९८ नंतर आंद्रेआस श्ल्यूटरने त्याला बरोक रूप दिलं. ३ फेब्रुवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात तो जळाला, पण भिंती बऱ्याचशा उभ्या होत्या. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५० मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर असे चार महिने सुरुंग लावून तो उडवला. जागेवर आधी संचलनाचं मैदान झालं, मग १९७६ मध्ये ‘पालास्ट डेर रेपुब्लिक’, म्हणजे प्रजासत्ताकाचा राजवाडा. त्यात संसद होती, उपाहारगृहं होती, बोलिंगसुद्धा होतं. ॲस्बेस्टॉसमुळे १९९० मध्ये तो बंद झाला आणि २००८ संपेपर्यंत तोही पाडून झाला. मधे २००२ मध्ये एकत्र झालेल्या जर्मनीच्या संसदेने जुन्या वाड्याचे दर्शनी भाग पुन्हा उभारायला कौल दिला होता. फ्रांको स्टेला या इटालियन वास्तुकाराचा आराखडा निवडला गेला, २०१३ मध्ये पायाभरणी झाली, सुमारे ६८ कोटी युरो लागले. आता तीन बाहेरच्या बाजू आणि एक चौक जुन्यासारखा आहे. नदीकडची चौथी बाजू सरळ आजची, बिननक्षीची. आत काँक्रीट, सरकते जिने आणि दालनं. नाव ‘हुंबोल्ट फोरम’.

याला काय म्हणायचं?

कोशवाचक:
जीर्णोद्धार तर नाहीच. उद्धार करायला आधी जीर्ण झालेलं काहीतरी शिल्लक हवं. ज्याचा चुरा होऊन गाड्यांतून गेला, त्याचा उद्धार कसला करता?

जाता जाता शुद्धलेखन. ‘पुनर्स्थापना’, ‘पुनर्प्रतिष्ठा’ हे सगळीकडे दिसतं, पण स आणि प यांच्या आधी विसर्ग राहतो: पुनःस्थापना, पुनःप्रतिष्ठा. ‘पुनःप्रत्ययाचा आनंद’ आपण बरोबर लिहितो, मग इमारतीच्या बाबतीतच गडबड का, कळत नाही. संस्कृतचं फारच सोवळं पाळायचं तर ‘पुनर्रचना’सुद्धा ‘पुनारचना’ व्हायला हवी, निर्+रोगचं ‘नीरोग’ होतं तसं. तेवढं मीही पाळत नाही. ‘पुनर्निर्माण’ हिंदीतून आल्यासारखं वाटतं. मराठीला ‘पुनर्बांधणी’ पुरे.

चौथरा:
कोशवाचक, जीर्णोद्धाराचा निकाल फार लवकर लावलात.

काशी विश्वनाथ घ्या. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास जे देऊळ बांधलं ते नवं होतं, जुन्याच्या नेमक्या जागेवर नव्हतं, शेजारी होतं. आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, ‘अहिल्याबाईंनी काशीचा जीर्णोद्धार केला.’ कुणाला खटकलं? धर्मशास्त्रात भंगलेली मूर्ती विधिपूर्वक विसर्जित करून तिच्या जागी नवी बसवणं यालाही जीर्णोद्धारच म्हणतात. म्हणजे त्या शब्दाला दगड तेच असण्याशी घेणंदेणं नाही.

कोशवाचक:
मान्य. हे डोक्यात आलं नाही. पण मग त्याला घेणंदेणं कशाशी आहे?

चौथरा:
देवाशी. देव तोच, पूजा तीच. अंगरखा बदलला. ज्यासाठी वास्तू होती ते काम पुन्हा चालू झालं की जीर्णोद्धार. बर्लिनच्या वाड्यात राजा परत येणार आहे का? नाही. म्हणून तिथे तो शब्द चालत नाही. तुमचा निकाल बरोबर, कारण चुकलं.

बर्लिनमुक्काम:
अठरा वर्षं इथे आहे. प्रजासत्ताकाचा राजवाडा मी अर्धा पाडलेल्या अवस्थेत पाहिला आहे: नुसते जिन्यांचे काँक्रीटचे मनोरे उभे, दात पडलेल्या जबड्यासारखे.

जर्मनांचंही एकमत नाही, म्हणून शब्द सांगतो. बाजूने असणारे म्हणायचे ‘वीडरआउफबाऊ’, शब्दशः ‘पुन्हा उभं बांधणं’. विरोधातले म्हणायचे ‘अट्रापे’. दुकानाच्या काचेत ठेवतात ना, आत केक नसलेला पुठ्ठ्याचा केक, ते. किंवा ‘कुलिस्से’, नाटकातला पडदा. मौज म्हणजे सुरुवात खरोखर पडद्यानेच झाली. वाड्याच्या बाजूने चळवळ करणाऱ्यांनी १९९३ मध्ये परांच्या उभ्या करून त्यावर जुन्या भिंतींचं चित्र रंगवलेलं कापड ताणलं, पूर्ण आकारात. लोकांनी ते पाहिलं आणि बऱ्याच जणांचं मत तिथे फिरलं.

आणि ‘श्लोस’चं भाषांतर ‘राजवाडा’ करताय ते ठीक, पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘कुलूप’. इथे नवीन असताना मी किल्लीवाल्याच्या दुकानावरची पाटी वाचून चक्रावलो होतो.

भाषांतर्या:
चौथरांच्या प्रतिसादाने माझा गुंता सुटायच्या ऐवजी वाढला, आणि ते बरंच झालं.

‘पुनर्’ म्हटलं की काहीतरी तेच राहिलं असा दावा होतो. मग प्रत्येक ठिकाणी तेच काय राहिलं हे विचारून पाहिलं.

ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शे हे चर्च घ्या. युद्धात ढासळलं, ढिगारा पूर्व जर्मनीच्या काळभर तसाच पडून. १९९४ ते २००५ या काळात बांधताना ढिगाऱ्यातले हजारो दगड पुन्हा वापरले. जुने दगड काळे पडलेले, नवे फिकट. भिंत बघितली की हिशेब दिसतो. जागा तीच, दगड थोडे तेच, प्रार्थनाही तीच. इथे पुनर्बांधणी आणि जीर्णोद्धार दोन्ही चालतील.

वॉर्साचा राजवाडा. नाझींनी १९४४ मध्ये तो स्फोटकांनी उडवला. त्याआधी पोलिश मंडळींनी जिवावर उदार होऊन नक्षीचे तुकडे, चित्रं बाहेर काढून लपवली होती. १९७१ पासून वाडा बांधला तेव्हा ते तुकडे भिंतींत परत बसवले. तिथेही संग्रहालय आहे, राजा नाही. पण आतल्या खोल्या राजवाड्याच्याच आहेत. पुनर्बांधणी, निःशंक.

आणि एक आपल्या घरचं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानी महाल आहे. कोथरूडला होता, त्याचे भाग सोडवून आणून संग्रहालयात पुन्हा जुळवले. बर्लिनच्या बरोबर उलटं प्रकरण: तिथे जागा मूळची आणि वास्तू नवी, इथे नक्षी मूळची आणि जागा नवी. याला मी ‘पुनर्बांधणी’ म्हणणार नाही, ‘पुनर्जुळणी’ म्हणेन. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने भग्न अवशेषांच्या बाबतीत नेमकी एवढीच परवानगी दिली आहे: पडलेले मूळ भाग परत जुळवा, बाकी नव्याने रचू नका.

आता बर्लिन. दगड नवे. आतली रचना नवी. उपयोग नवा. राहिलं काय? जागा, आणि तीन बाजूंचं रूप. म्हणजे ‘दर्शनी भिंतींची पुनर्बांधणी’ खरं, ‘राजवाड्याची पुनर्बांधणी’ खोटं. निदान अर्धं खोटं.

जुनी वही:
मला तर सरळ ‘तोतया’ आठवला.

पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले. नंतर एक जण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला, आणि त्याच्यामागे माणसं गेली, किल्ले गेले, फौज जमली. लोकांना तो हवा होता म्हणून तो चालला. पुण्यात पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नव्हतं, हेही ध्यानात घ्या. हरवलेल्या वाड्याची ओढ मला तशीच वाटते. पडद्यावरचं चित्र पाहून मतं फिरली म्हणता, ती अशीच.

कोशवाचक:
उपमा झकास, शब्द चुकीचा. तोतयाला स्वतः ‘मीच तो’ असं म्हणावं लागतं. इमारत बोलत नाही. तोतयेगिरी करतो तो पाटी लिहिणारा. भाषांतर्या, सांभाळा.

बर्लिनमुक्काम:
तोतया म्हणताय तर ही भर घ्या. जुन्या वाड्याचं चौथं प्रवेशद्वार पूर्व जर्मनीने मुद्दाम राखलं, कारण त्याच्या सज्जातून ९ नोव्हेंबर १९१८ ला कार्ल लीबक्नेख्ट या क्रांतिकारक नेत्याने समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केलं होतं. राजाचा वाडा नको, पण क्रांतीचा सज्जा हवा! ते द्वार, म्हणजे त्यातले मोजके मूळ दगड आणि बाकी नवं काम, शेजारच्याच चौकात राज्यपरिषदेच्या इमारतीला बसवलं. १९६४ मध्ये ती पुरी झाली. आता नव्या वाड्यालाही चौथं द्वार परत केलंय. त्यामुळे चार-पाच मिनिटांच्या चालीत एकच द्वार दोनदा दिसतं. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना मी दोन्ही दाखवतो आणि खरं कोणतं विचारतो. आजवर सगळ्यांनी नवंच दाखवलंय, कारण ते ‘वाड्याला’ आहे.

दुसरं, जोतं अगदीच गेलेलं नाही. जुन्या तळघराचा काही भाग उकरून जपला आहे, आत जाऊन बघता येतो. संबंध इमारतीत मला तेवढाच भाग आवडतो.

आणि समोर आपलं सांचीचं पूर्व तोरण उभं आहे, २०२२ च्या डिसेंबरपासून. प्रतिकृतीच, वालुकाश्मातली. तिला सगळे बिनदिक्कत प्रतिकृती म्हणतात. मूळ सांचीला जागेवर आहे, म्हणून.

भाषांतर्या:
हे शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. मूळ कुठेतरी उभं असलं की ‘प्रतिकृती’ म्हणायला जीभ अडत नाही. मूळ नाहीसं झालं की तीच वस्तू ‘पुनर्’ होते.

सांजवेळ:
मी वास्तुशास्त्रातली नाही, फक्त घरी गौरी बसतात. तुम्ही सगळे दर्शनी भिंतीला पडदा, पुठ्ठा म्हणताय. मराठीत एक शब्द आहे, मुखवटा. आमच्याकडे गौरीचे पितळी मुखवटे आहेत. खाली स्टँड, त्यावर साडी, आत काही नाही. पण त्याला कुणी खोटी गौर म्हणत नाही. जेवढे दिवस बसवली तेवढे दिवस ती गौरच. तेव्हा चेहरा तेवढा जुना आणि आतलं नवं, म्हणून लगेच नाक मुरडू नका.

कोशवाचक:
सांजवेळताई, नमस्कार घ्या. ‘मुखवटा’ला आपण फार दिवस फक्त ढोंगाच्या अर्थी वापरतोय. तटस्थ शब्द हवा असेल तर ‘मोहरा’ही आहे, दर्शनी बाजू या अर्थी. वाड्याचा मोहरा.

चौथरा:
मुखवटा चालेल, पण कोणत्या देवाचा हेही विचारा. बर्लिनच्या वाड्याच्या घुमटावर २०२० मध्ये क्रूस बसवला, आणि घुमटाभोवतीचा राजाने निवडलेला बायबलमधला मजकूरही परत लिहिला: येशूच्या नावाने सर्वांनी गुडघे टेकावेत अशा आशयाचा. खाली दालनांत आफ्रिका, आशिया, ओशिआनियातून आणलेल्या वस्तू. त्यावरून वाद झाला नसता तरच नवल. ‘हे फक्त जुनं उद्धृत केलंय’ असं बाजूने बोलणारे म्हणतात. पण उद्धृताला अवतरणचिन्ह लागतं. घुमटाला ते कुठे लावणार?

भाषांतर्या:
तिथल्या वस्तूंचा वाद पुस्तिकेत एका ओळीत घेतला आहे. आजच्या नायजेरियात असलेल्या जुन्या बेनिन राज्यातून लुटलेल्या ब्राँझ शिल्पांची मालकी जर्मनीने २०२२ मध्ये नायजेरियाला दिली, काही शिल्पं डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष परत गेली. तिथे ‘परत दिली’ लिहिलंय. ‘भेट दिली’ असं एका जुन्या मसुद्यात होतं, ते मीच काढलं.

दोन शब्दांबद्दल माझीच चूक कबूल करतो. पहिला ‘हरवलेला’. किल्ली हरवते, छत्री हरवते. राजवाडा हरवत नाही. मराठीला पडणे आणि पाडणे हे दोन वेगळे धातू आहेत, एक काना फक्त. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला; कुणी जाळला असं आपण म्हणत नाही. बर्लिनचा आधी जळाला, मग पाडला. त्याच जागेवरचा दुसराही पाडला, संसदेत ठराव करून. ‘हरवलेला’ म्हटलं की पाडणारे दोघेही वाक्यातून निसटतात, आणि दुसऱ्या राजवाड्याचं तर नावही उरत नाही. पूर्व बर्लिनमधल्या कितीतरी लोकांची लग्नं, नाच, पहिल्या भेटी तिथल्या. त्यांच्या लेखी हरवलेला वाडा तो आहे.

दुसरं, ‘राजवाड्याचं संग्रहालय झालं’. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसबद्दल हे म्हणता येतं: आधी राजवाडा, मग त्यात संग्रहालय. बर्लिनला दोन्ही एकदमच बांधले. खरं तर संग्रहालयाला राजवाड्याचा मोहरा दिला.

सध्याचा मसुदा: ‘इथला राजवाडा युद्धात जळाला आणि १९५० मध्ये सुरुंग लावून पाडला गेला. त्याच्या जागी बांधलेली पूर्व जर्मनीची संसद २००८ पर्यंत पाडण्यात आली. आज दिसते ती संग्रहालयाची नवी इमारत. तिच्या तीन बाजूंना जुन्या वाड्याचा मोहरा नव्याने घडवला आहे.’

‘नव्याने’ की ‘पुन्हा’, एवढंच राहिलंय.

कोशवाचक:
‘नव्याने’. आणि ‘पाडला गेला’ नको, ‘पाडला’ लिहा. कोणी ते पण लिहा.

बर्लिनमुक्काम:
दोन्ही द्वारं कुठे बघायची तेही घाला. पुस्तिकेत नकाशा आहे ना?

भाषांतर्या:
आहे. पण त्यावर एकच द्वार दाखवलंय. नव्या वाड्याचं.