समाजकार्य महाविद्यालय : २० नोव्हेंबर ते १० डिसेंबरची व्याख्यानं आणि उपक्रम कसे आखावेत?

समन्वयक_नागपूर

नमस्कार मंडळी. आमच्या समाजकार्य महाविद्यालयात (नागपूर, एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची, दोन्ही वर्षं मिळून ११० विद्यार्थी) बालहक्क दिनापासून मानवी हक्क दिनापर्यंत कार्यक्रमांची मालिका घ्यायची आहे. कच्ची यादी अशी : २० नोव्हेंबरला बालहक्कांवर व्याख्यान, २५ ला स्त्रियांवरील हिंसाचाराविरोधात वस्तीत पथनाट्य, २६ ला संविधान दिन, २८ ला महात्मा फुले स्मृतिदिन, १ डिसेंबरला एड्स दिनाची रॅली, ३ ला दिव्यांग दिन, ६ ला महापरिनिर्वाण दिनाचं अभिवादन, १० ला समारोप.

हाताशी ३०,००० रुपये आहेत. सभागृह १५० खुर्च्यांचं, पण पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य, म्हणजे वस्तीत किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम, असतं, ते बुडवायचं नाही. घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्या एखाद्या ताईंचं मनोगत ठेवावं, असं विद्यार्थी म्हणताहेत. क्रम, वक्ते, परवानग्या यांबद्दल अनुभवी लोकांनी कृपया नेमकं सांगावं.

क्षेत्रकार्य_पर्यवेक्षक

आठ कार्यक्रम फार होतात. याच दिवसांत विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा असतात, रेकॉर्डिंग (क्षेत्रकार्याचे लेखी अहवाल) जमा करायची असतात, आयसी-जीसी (पर्यवेक्षकाबरोबरच्या वैयक्तिक आणि गटबैठका) चालू असतात. तिसऱ्या कार्यक्रमापासून मागच्या रांगेत बसून रेकॉर्डिंग लिहिणं सुरू होतं. चार मोठे कार्यक्रम ठेवा : २५ नोव्हेंबर, २६ नोव्हेंबर, ३ डिसेंबर, १० डिसेंबर. बालहक्कांचा विषय २६ ला संविधानाबरोबर घेता येईल. २८ ला सकाळी फुल्यांच्या लेखनाचं अर्ध्या तासाचं वाचन पुरे, त्याला पाहुणा लागत नाही. ६ डिसेंबरला महाविद्यालयात काहीच ठेवू नका. विद्यार्थी दीक्षाभूमीवर असतात, काही जण चैत्यभूमीला जातात, आणि त्यांनी तिथंच असावं.

नागपूरकरांसाठी आणखी एक गोष्ट. हिवाळी अधिवेशन साधारण याच सुमारास येतं. महिला व बालविकास, समाजकल्याण, पोलीस, सगळे अधिकारी त्यात अडकलेले असतात. त्यामुळे अधिकारी वक्ते नोव्हेंबरातच उरका. डिसेंबरात संस्थांचे कार्यकर्ते बोलवा. निवडणुकीची आचारसंहिता लागू आहे का, तेही आधीच पाहून घ्या.

वक्त्यांबद्दल. २५ ला पोलीस यंत्रणेबरोबर काम करणाऱ्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षातल्या समाजकार्यकर्तीला बोलवा. ही कल्पना १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केली, आज ती राज्याच्या यंत्रणेचा भाग आहे. पोलीस ठाण्यात बसून समाजकार्य कसं करतात, हे विद्यार्थ्यांना तिच्याइतकं कोणी सांगू शकणार नाही. २६ ला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील. संविधानाचं कलम ३९क, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, आणि मुख्य म्हणजे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व्यक्ती, कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही गोष्ट. एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षातल्यांनाही ती पक्की ठाऊक नसते.

नव्वद मिनिटांपैकी चाळीस दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि परिचयात जातात. ते सगळं पाच मिनिटांत बसवा. पुढची ३५ मिनिटं वक्त्याची, २५ मिनिटं गटात काम, उरलेली प्रश्नांची. गटकामासाठी २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखालच्या कौटुंबिक घटना अहवालाच्या, म्हणजे नमुना १ च्या कोऱ्या प्रती काढा, पाच जणांत एक. एक काल्पनिक प्रकरण द्या आणि अहवाल भरायला लावा. चूक बहुधा एकाच जागी होते : विद्यार्थी ‘नवरा त्रास देतो’ एवढंच लिहून मोकळे होतात. कधी, कुठे, कोणासमोर, कशाने मारलं, कुठे उपचार घेतले, घरखर्च कधीपासून बंद आहे, हे नसेल तर न्यायालयात त्या अहवालाला वजन राहत नाही. मग कलम १८ ते २२ मधलं काय मागायचं ते ठरवायला सांगा : संरक्षण, निवास, आर्थिक साहाय्य, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई. बहुतेक गट निवासाचा आदेश विसरतात. खरं तर घराबाहेर काढलेल्या बाईला सगळ्यात आधी तोच लागतो.

डफ_आणि_वस्ती

पथनाट्यापुरतं लिहिते. लांबी १५ ते १८ मिनिटं, त्यापुढे उभी माणसं हलायला लागतात. आठ ते दहा कलाकार, डफ किंवा ढोलकी, माइक नको. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि त्याच्या घरघरीत संवाद ऐकूही येत नाहीत. स्थानिक पोलीस ठाण्यात प्राचार्यांच्या पत्रावर जागा, वेळ, कलाकारांची संख्या आणि संहितेची प्रत देऊन आठ दिवस आधी आवक शिक्का घ्या.

वेळ वस्तीला विचारून ठरवा. नळ किंवा टँकर येण्याच्या वेळी प्रयोग लावला तर समोर फक्त पुरुष आणि लहान मुलं उरतात, बायका हंड्यांच्या रांगेत. आठवडी बाजाराचा दिवसही टाळा. जागा निवडताना दारूचं दुकान आणि मंडळाचा कट्टा यांपासून लांब, बायकांना दारात उभं राहून पाहता येईल अशी गल्लीची रुंद जागा बघा.

मारहाणीचं दृश्य हुबेहूब करू नका. पोरं हसतात, आणि ज्या बाईवर काल तेच गुदरलंय ती आत निघून जाते. मार डफाच्या ठेक्यावर सूचित करा. शेवट ‘बाई पोलिसांत गेली आणि सगळं नीट झालं’ असा नको, तसं होत नाही हे प्रेक्षकांना पक्कं माहीत असतं. घरगुती हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण अधिकारी कुठे बसतो, अर्जाला काय लागतं, १८१ या महिला हेल्पलाइनवर काय विचारतात, हे संवादातच येऊ द्या.

प्रयोग संपला की कोणीतरी हळूच बोलायला येतं. त्यासाठी नाटकात नसलेले दोन वरिष्ठ विद्यार्थी आणि एक शिक्षिका बाजूला थांबवा. गर्दीत ऐकून घ्यायचं नाही, नवऱ्याला तिथल्या तिथे ‘समजवायला’ जायचं नाही. घरात हिंसाचाराच्या विरोधातली पत्रकं वाटू नका. ती सापडली म्हणून मार बसतो. १८१ हा क्रमांक आरोग्य शिबिराच्या किंवा रेशनच्या माहितीच्या कागदावर मध्येच छापलेला असावा.

समन्वयक_नागपूर

मॅडम, हे फार उपयोगी आहे. पण बोलायला आलेली व्यक्ती बारा-तेरा वर्षांची मुलगी असेल तर? विद्यार्थी ‘कोणाला सांगणार नाही’ असं सांगून बसतील. आणि मनोगताचं काय करावं?

डफ_आणि_वस्ती

हे वाक्य तालमीच्या पहिल्याच दिवशी बंद करा. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) कलम १९ नुसार विशेष बाल पोलीस पथकाला किंवा पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणून मुलीला खरं तेच सांगायचं : ‘तू सांगितलंस हे चांगलं केलंस. तुला सुरक्षित ठेवायला मला काही मोठ्या माणसांना सांगावं लागेल, आणि कोणाला सांगतोय ते मी तुला आधी सांगेन.’ खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, तिचा जबाब नोंदवणं हे आपलं काम नाही. तिने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून शिक्षिकेकडे द्यायचे आणि त्याच दिवशी कळवायचं. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर अक्षरही जाता कामा नये. मुलाची ओळख उघड करणं पॉक्सोच्या कलम २३ नुसार गुन्हा आहे, आणि नाव गाळून शाळा, गल्ली, वडिलांचा धंदा लिहिला तरी ओळख पटतेच.

मनोगताला माझा स्पष्ट विरोध आहे. प्रकरण न्यायालयात असेल तर शंभर जणांसमोर बोललेलं वाक्य उलटतपासणीत तिच्याच विरोधात वापरलं जाऊ शकतं, आणि ११० फोनांपैकी एकानं चित्रण केलं की ते परत घेता येत नाही. ताईंना स्वतःहून बोलायचंच असेल तर प्रश्न त्यांनी आधी मान्य करावेत, चित्रण आणि फोटो नाहीत, आयत्या वेळी नाही म्हणण्याची मुभा, सोबत त्यांची कार्यकर्ती, आणि मानधन वकील वक्त्याला देता तेवढंच.

उतार_एकास_बारा

३ डिसेंबरचा कार्यक्रम पहिल्या मजल्यावर घेऊ नका. खुर्चीसकट उचलून नेऊ, असं कोणी म्हणेल. ते धोक्याचं आणि अपमानाचंही आहे. तळमजल्यावरचा मोठा वर्ग किंवा अंगणात मांडव घ्या. तिथेही पायऱ्या असतील तर रॅम्पचा उतार १:१२ हवा. १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे उंची ४५ सेंटीमीटर, त्याला ५.४ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. मांडववाला दीड मीटरची फळी टाकून मोकळा होतो, त्यावर चाकाची खुर्ची मागे उलटते. कामाचा आदेश देताना लांबी लेखी द्या. आणि जवळच्या स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची जाते का, ते आदल्या दिवशी खुर्ची नेऊनच बघा.

सांकेतिक भाषेचे दुभाषे दोन लागतात, दर २० मिनिटांनी आलटून पालटून. एकट्यावर दीड तास टाकला की शेवटी अर्धं भाषांतर गळतं. वक्त्याचे मुद्दे त्यांना तीन दिवस आधी पाठवा. पडद्यावर चित्रं दाखवताना दिवे पूर्ण मालवू नका, दुभाषाचे हात दिसले पाहिजेत.

डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्याचा खेळ यादीत असेल तर काढा. त्यातून कणव तेवढी येते. त्यापेक्षा पाच-पाच जणांचे गट, प्रत्येक गटात मानधन देऊन एक दिव्यांग मार्गदर्शक, आणि बसथांबा, बँक, महापालिकेचं झोन कार्यालय, रेशन दुकान यांची सुगम्यता पाहणी. मोजपट्टी आणि वही घेऊन जायचं : पायरीची उंची, काउंटरची उंची, दाराची रुंदी. अहवाल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा हवाला देऊन त्या त्या कार्यालयाला आवक क्रमांकासह द्या. १० तारखेच्या समारोपात हेच अहवाल मांडता येतील.

यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) नोंदणीचं शिबिर घ्याल तर ‘जागेवर कार्ड’ असं फलकावर लिहू नका. शिबिरात फक्त ऑनलाइन अर्ज होतो. तपासणी आणि टक्केवारी ठरवणं रुग्णालयाकडे असतं. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही किंवा अंगठा, आणि ओटीपी येईल तो मोबाइल सोबत आणायला सांगा. मोबाइल मुलाकडे कामावर गेलेला असतो, निम्मे अर्ज तिथेच अडतात.

लेखा_विभाग

३०,००० पैकी १०,००० दुभाषे, रॅम्प आणि मार्गदर्शकांच्या मानधनासाठी आजच बाजूला काढा, नाहीतर ते फ्लेक्स आणि नाश्त्यात जातात. वस्तीतल्या किंवा दिव्यांग पाहुण्यांना ‘पॅन आणि रद्द केलेला चेक पाठवा, महिन्याभरात जमा होईल’ असं सांगू नका. प्रवासखर्च त्याच दिवशी रोख, व्हाउचरवर सही घेऊन. ५,००० च्या वरच्या रोख पावतीला १ रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लागतं. प्राचार्यांकडून आगाऊ रकमेची मंजुरी १० नोव्हेंबरच्या आत घ्या.

क्षेत्रकार्य_पर्यवेक्षक

एड्स दिनाची रॅली राहिली. वाहतूक परवानगी, दोन तास ऊन, आणि घोषणांतून भीतीच पसरते. त्याऐवजी सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रातल्या समुपदेशकाला वर्गातच एक तास बोलवा. चाचणीआधी आणि नंतर काय बोलतात ते त्यांनी भूमिकानाट्यातून दाखवावं, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यातली संमती व गोपनीयतेची तरतूद सांगावी. पाहुण्यांत किंवा विद्यार्थ्यांत कोण बाधित आहे, असा प्रश्न कुणीही विचारणार नाही, हे सुरुवातीलाच जाहीर करा.

१०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनची जुनी भित्तिपत्रकं कपाटात असतील तर लावण्याआधी वाचून बघा. हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला, टाटा समाजविज्ञान संस्थेच्याच एका प्रकल्पातून. क्रमांक तोच आहे, पण आता तो सरकारी यंत्रणा चालवते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेला आहे. जुन्या पत्रकांवर खाली जिल्ह्यातल्या संस्थेचा पत्ता आणि फोन असतो, त्यावर हल्ली कोणी उचलत नाही. तेवढ्या भागावर नवा कागद चिकटवा, त्यावर जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता लिहा, आणि लावण्याआधी तिथे एकदा फोन करून खात्री करून घ्या.